घोडा एकटा धावत नाही



आज जरा वेगळ्या वाटेनं जाणार आहे. विषय आहे शर्यतीचा घोडा. तुम्ही म्हणाल, बाई शाळा सोडून रेसकोर्सवर कुठे निघाल्या? पण वर्गातली माझी एक मोठी चूक मला एका सईसाच्या बोलण्यातून कळली. सईस म्हणजे तबेल्यात घोड्याला खरारा करणारा, चंदी घालणारा, फिरवून आणणारा माणूस. पुण्यात रेसकोर्सच्या आसपासच्या शाळांमध्ये अशा पालकांची मुलं असतात. माझ्या वर्गातही एक होता. खरं नाव सांगत नाही, आपण त्याला गणू म्हणू.

माझी चूक

तेव्हा माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी जोरात सुरू होती. गणूचं गणित पक्कं. ५० गुणांच्या सराव चाचणीत ४० च्या खाली कधी यायचा नाही. अडचण एकच, तो शेवटून दुसऱ्या बाकावर आपल्या मित्राशेजारी बसायचा आणि दोघांची सतत कुजबुज चालायची. मित्र अभ्यासात बेताचा. मला वाटलं, या पोराचं नुकसान होतंय. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी गणूला उचललं आणि पहिल्या बाकावर, वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीशेजारी बसवलं. "आता बघ कसा पुढे जातोस," असं वरून म्हणालेही.

गणू पुढे गेला नाही. पहिल्या आठवड्यात ३४, मग २९, मग २२. डबा तसाच परत न्यायचा. प्रश्नपत्रिका हातात पडली की पोटात दुखायचं. मी काय केलं असेल? तुमच्यापैकी अनेकांनी कधी ना कधी केलं असेल तेच. आवाज चढवला, जादा तास घेतला आणि शेवटी वहीत 'पालकांनी भेटावे' असा शेरा लिहिला.

वडील दुपारी आले, तबेल्यातलं सकाळचं काम आटोपून. माझं सगळं ऐकून घेतलं. मग संकोचत म्हणाले, "बाई, मी शिकलेला नाही, लहान तोंडी मोठा घास घेतोय. पण आमच्याकडं घोड्याचं असंच होतं."

मी म्हटलं, "सांगा ना."

"एक घोडी आली होती नवीन. चांगल्या रक्ताची. तिला कोपऱ्यातल्या ठाणावर ठेवली, शेजारी कोण नाही. चंदी सोडली तिनं. रात्रभर ठाणातल्या ठाणात गोल फिरायची. पहाटे पळवली की अंगात दम नाही. औषधपाणी झालं, उपयोग शून्य. मग तिला एका म्हाताऱ्या घोड्याच्या शेजारी आणली. दोघांना एकमेकांची तोंडं दिसतील अशी. आठ दिवसांत खायला लागली." थोडं थांबून ते म्हणाले, "घोडं एकटं पडलं की पळत नाही, बाई."

त्यांनी माझ्यावर काही आरोप केला नाही. गणूची जागा बदलली हे त्यांना ठाऊक होतं की नाही, तेही मी विचारलं नाही. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी घोड्यांबद्दल मिळेल ते वाचायला लागले.

घोडा कशासाठी पळतो?

आपल्याला वाटतं, घोडा पहिला नंबर यावा म्हणून पळतो. पण नंबर ही माणसाची गोष्ट आहे. घोडा मुळात दुसऱ्याचं भक्ष्य असलेला, मोकळ्या गवताळ रानातला प्राणी. पळणं हे त्याचं जीव वाचवण्याचं साधन आणि कळप ही त्याची सुरक्षितता. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग तेवढा दिसत नाही. एकट्या घोड्याला ही राखण चोवीस तास स्वतःच करावी लागते. कळपात ती वाटून घेता येते. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो हे आपण मुलांना सांगतो, पण गाढ, स्वप्नं पडणारी झोप मिळायला त्यालाही आडवं व्हावं लागतं. आणि आडवा तो तेव्हाच होतो, जेव्हा त्याला सुरक्षित वाटतं. कळपातले काही पडून असतात तेव्हा बहुधा एखादा उभा राहून लक्ष ठेवतो.

कळपात जोड्याही असतात. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची मान आणि खांद्यावरचा उंचवटा दातांनी हळूहळू खाजवतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कामार्ग जातीच्या घोड्यांना नेमकं त्याच जागी खाजवून पाहिलं, तर त्यांच्या हृदयाचे ठोके कमी झाले. म्हणजे सोबतीनं जीव शांत होतो, हे मोजून दिसलं.

आता हा प्राणी शर्यतीत उतरवा. काही घोड्यांना गर्दी सोसत नाही, ते सुरुवातीलाच सगळ्यांच्या पुढे पळतात. काही मात्र पुढे निघाले की वेग कमी करतात, कान मागे फिरवून बाकीचे कुठे राहिले ते ऐकतात. कळप सुटला की त्यांना करमत नाही. अशा घोड्याला अनुभवी जॉकी शेवटच्या टप्प्यापर्यंत इतरांच्या आडोशाला ठेवतो आणि अगदी थोडं अंतर उरलं की बाहेर काढतो. ज्याचं लक्ष आजूबाजूला फार जातं त्याच्या डोळ्यांना झापडं लावतात. काही घोडे शर्यतीआधीच घामानं निथळतात. त्यांची अर्धी ताकद धावण्याआधीच संपलेली असते. गणूचं पोटदुखणं मला तिथे आठवलं.

शेळीची गोष्ट

अमेरिकेत सीबिस्किट नावाचा एक घोडा होऊन गेला. पहिल्या १७ शर्यतींत तो एकदाही जिंकला नव्हता. दोन वर्षांच्या वयात, १९३५ मध्ये, त्याला तब्बल ३५ शर्यती पळवलं होतं. १९३६ मध्ये तो टॉम स्मिथ नावाच्या अबोल प्रशिक्षकाकडे आला, तेव्हा ठाणात सतत येरझाऱ्या घालायचा, नीट खायचा नाही, माणूस जवळ आला की चिडायचा. स्मिथनं त्याला लगेच जोरात पळवायला घेतलं नाही. आधी त्याला सोबत दिली.

पहिली सोबत होती एका शेळीची. सीबिस्किटनं ती शेळी दातांत धरून हलवली आणि दाराबाहेर टाकून दिली! मग स्मिथनं पम्पकिन नावाचा शांत स्वभावाचा, पिवळसर रंगाचा घोडा आणला. दोघांमधली भिंत काढली. ते एकत्र राहू लागले, प्रवासालाही एकत्र जाऊ लागले आणि सीबिस्किट निवळला.

हे वाचताना मला एकटीलाच हसू आलं. मी गणूला हुशार मुलीशेजारी बसवलं, ती माझी शेळी होती! (त्या गुणी मुलीचा यात काहीच दोष नाही.) सोबत कोणती हवी, हे मी माझ्या हिशेबानं ठरवलं होतं. कोणाजवळ त्याचा जीव शांत होतो, हे मी पाहिलंच नव्हतं.

पुढे १ नोव्हेंबर १९३८ रोजी बाल्टिमोरमधल्या पिमलिको मैदानावर सीबिस्किट आणि वॉर ॲडमिरल या दोघांचीच शर्यत झाली. सीबिस्किट पुढे होता. जॉकी जॉर्ज वूल्फनं मुद्दाम त्याला थोडा आवरला आणि वॉर ॲडमिरलला बरोबरीला येऊ दिलं. कारण त्याचा नेहमीचा जॉकी रेड पोलार्ड यानं सांगितलं होतं की, शेजारी दुसरा घोडा दिसला की हा आणखी जोर लावतो. झालंही तसंच. सीबिस्किट चार घोड्यांच्या लांबीनं जिंकला.

छडी आणि धडधड

आता आपल्या शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा विषय. जॉकीच्या हातातला चाबूक. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १२६ शर्यतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही शर्यतींत चाबूक मारायला परवानगी होती, काहींत नव्हती. दोन्हींच्या वेळेत त्यांना फरक आढळला नाही. घोडा ताब्यात ठेवण्यात आणि सुरक्षिततेतही नाही. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानं छडी गेली. पण आवाजाची, टोमण्याची, 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती'ची छडी माझ्याजवळ होतीच. तिनं गणूचा वेग वाढला नव्हता.

दुसरा एक अभ्यास स्वीडनमधला, २००९ चा. माणसांना घोडा घेऊन एका ठरावीक मार्गानं चार फेऱ्या मारायला सांगितल्या. चौथ्या फेरीआधी माणसाला सांगितलं, "आता तुम्ही पुढे गेलात की अचानक छत्री उघडणार आहोत." छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही! घोड्याला छत्रीचं काहीच माहीत नव्हतं. भीती होती ती त्याच्या सोबतच्या माणसाला.

पालकहो, हा प्रयोग मी दोनदा वाचला. शाळेतून किती मुलं शिष्यवृत्तीला लागणार, शेजारच्या शाळेतून किती, केंद्रप्रमुख काय म्हणतील, ही धडधड माझी होती. मी ती एका दहा वर्षांच्या मुलाच्या पोटात नेऊन ठेवली होती. घरी आपण "पेपर कसा जाणार?" असं रोज विचारतो, तेव्हाही हेच होत असतं.

मग मी काय केलं?

मोठं काही नाही. तीन साध्या गोष्टी.

पहिली, गणूला परत त्याच्या मित्राशेजारी बसवलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "जागा बदलण्यात बाईंचं चुकलं." वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली.

दुसरी, कुजबुज बंद करण्याऐवजी तिला काम दिलं. गणूनं गणित सोडवायचं आणि कसं सोडवलं ते मित्राला सांगायचं. मित्राला समजलं नाही तर गणूनं दुसऱ्या पद्धतीनं सांगायचं. यात मित्राची गणितं सुधारली आणि गणू घाईत करायचा त्या चुका त्याला स्वतःलाच दिसायला लागल्या.

तिसरी गोष्ट माझ्यासाठी. चाचणीच्या दिवशी वर्गात जाण्याआधी दारात एक मिनिट थांबायचं, श्वास सोडायचा आणि हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवायचं. वेळ पाहायला भिंतीवरचं घड्याळ पुरतं.

तीन आठवड्यांनी गणूचे गुण परत ३८ वर आले. त्याआधी, पहिल्याच आठवड्यात, त्याचा डबा रिकामा घरी गेला होता. मला त्याचाच जास्त आनंद झाला.

इथे एक कबुलीही द्यायला हवी. मूल म्हणजे घोडा नव्हे. घोड्याला शर्यत नको असेल तर ते सांगायची सोय नाही, आपल्या मुलांना ती असायला हवी. शर्यतीत एकच पहिला येतो, वर्गात तसं असण्याची काही गरज नाही. आणि प्रत्येक जोडी चांगलीच असते असंही नाही. एखादी सोबत खरोखर त्रासाची असते, तिथे जागा बदलावी लागते. पण बदलण्याआधी आठ दिवस नुसतं बघा. मूल कोणाशेजारी नीट जेवतं? कोणाशेजारी न लाजता "मला नाही आलं" म्हणतं? उत्तर सापडलं की मग बाक हलवा.

परीक्षेचा दिवस

एक प्रश्न राहिलाच. परीक्षेला तर मुलं बैठक क्रमांकानं बसतात. तिथे मित्र शेजारी नसणार. मग सोबतीची सवय लावून मी गणूला अडचणीत तर टाकलं नाही ना?

याचंही उत्तर मला घोड्यांकडेच मिळालं. अमेरिकेत शर्यतीआधी घोड्यांना मैदानात नेताना बरोबर एक शांत, सवयीचा घोडा चालतो. तो स्टार्टिंग गेटपर्यंत सोबत करतो आणि तिथून मागे फिरतो. पुढची धाव ज्याची त्यानं धावायची असते. सोबत हवी असते ती दारापर्यंत शांत मनानं पोचण्यासाठी.

परीक्षेच्या दिवशी मी दोघांना केंद्राच्या फाटकापाशी एकत्र बोलावलं. वर्गखोल्या वेगळ्या होत्या. गणूनं मित्राच्या पाठीवर थाप मारली, मित्रानं त्याला आपला जास्तीचा पेन दिला आणि दोघं दोन दिशांना गेले. गणूनं त्या दिवशी पोट दुखतंय म्हटलं नाही.

निकाल लागला. गुणवत्ता यादीत दोघांचंही नाव नव्हतं. पात्र मात्र दोघेही झाले. तो 'बेताचा' मित्रसुद्धा! गणूचे वडील पेढे घेऊन शाळेत आले. मी त्यांना म्हटलं, "दादा, तुमची घोडी काय म्हणते?"

"खातीय, पळतीय," ते हसून म्हणाले. "म्हातारा शेजारीच हाय अजून."

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, उद्या वर्गात गेलात की बाकांकडे एकदा या नजरेनं बघा. कोण कोणाच्या आधारानं बसलंय, आणि आपण शिस्तीच्या नावाखाली कोणाची सोबत तर तोडली नाही ना?