भात्यात की भिंतीवर?

मिशिगनमध्ये उन्हाळा लागला की घराघरांपुढे गराज सेल मांडले जातात. तिथल्या टेबलांवर, गंजलेल्या करवती आणि मासेमारीच्या गळांच्या गर्दीत, कधीतरी पुठ्ठ्याची एखादी लांबोडकी पेटी सापडते. आत फायबरग्लासचे जुने बाण. पिसांपाशी दांडीवर लाल-पांढरे बारीक पट्टे, कुणीतरी हौसेनं, श्वास रोखून ओढलेले. चौघांचे बाण एकाच लक्ष्यात रुतले की आपला कोणता, हे त्या पट्ट्यांवरून ओळखायचं. ओळखणारा गेला, खूण मागे राहिली. अशी पेटी घरी आणली की प्रश्नही मागोमाग घरात येतो: हे बाण मारायचे की जपायचे?

या राज्याला धनुष्याचं वेड जुनं आहे. फ्रेड बेअर यांनी १९४७ मध्ये आपला धनुष्यांचा कारखाना इथल्याच ग्रेलिंग गावी नेला आणि लाकडावर फायबरग्लास चढवलेली धनुष्यं घरोघर पोचवली. बाणांचंही तेव्हा स्थित्यंतर चाललं होतं. लाकडाचा बाण दमट हवेत वाकतो. डग ईस्टन १९३९ पासून ॲल्युमिनियमचे बाण करत होते, पण तेही दगडावर आपटले की वाकतात. मग काचेचे तंतू रेझिनमध्ये भिजवून केलेली पोकळ नळी आली. ती पाण्यानं फुगत नाही, वाकून राहत नाही. ती सरळ असते, नाहीतर मोडलेली असते. तडजोड तिच्या स्वभावात नाही. १९८० च्या दशकात हलके कार्बनचे बाण आले आणि हा जडसर बाण मागे पडला. भरीव फायबरग्लास आजही टिकून आहे तो धनुष्यानं मासे मारणाऱ्यांकडे. पाण्यात शिरायला वजन लागतंच.

तेच वजन मोहात पाडतं. जड बाण धनुष्याचा जोर अधिक शोषून घेतो. धनुष्य कमी थरथरतं, आवाज मऊ येतो. हे भिंतीवर टांगलेल्या बाणाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी दोरी ओढावीच लागते.

पण दोरी ओढण्याआधी बाणाची झडती घ्यायची. कापसाचा बोळा दांडीवरून फिरवायचा. जिथे कापसाचे धागे अडकतात तिथे तडा आहे. उघडं बोट फिरवू नये, काचेचं कुसळ बोटात शिरलं की लवकर निघत नाही. मग चेहऱ्यापासून दूर धरून बाण हलकेच वाकवायचा, फिरवून पुन्हा वाकवायचा आणि कान द्यायचा. चरचर ऐकू आली की त्या बाणाचं आयुष्य संपलं. मागची प्लास्टिकची खाच, म्हणजे नॉक, बहुधा ठिसूळ झालेली असते. दोरी सुटताना ती फुटली तर सगळा जोर धनुष्यावरच उलटतो. म्हणून नॉक बदलायची. खरा निर्णय इथे होतो. दोरी ओढतानाचा क्षण फार नंतरचा. जुनी नॉक पिरगाळून काढली, कसर लागलेली पिसं खरवडली, की बाण उडण्याजोगा होतो आणि त्याच घटकेला संग्राहकाच्या लेखी उणा होतो.

अशा वेळी मला कर्ण आठवतो. कवचकुंडलांच्या बदल्यात मिळालेली इंद्राची शक्ती एकदाच वापरता येणारी. त्यानं ती अर्जुनासाठी जपली आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्चावी लागली. जपणं त्याच्या हाती होतं, वेळ नव्हती. आपण निर्णय टाळला तरी निर्णय होतोच. खिडकीतलं ऊन रेझिन खातं, माळ्यावरची उष्णता डिंक सुकवते, कसर पिसं खाते आणि उरलेलं वारस कचऱ्यात टाकतात. न वापरणं म्हणजे जपणं, हा आपला सोयीस्कर समज आहे.

म्हणून सबंध पेटीला एकच उत्तर देऊ नये. मूळ पिसं, पट्टे आणि पेटी शाबूत असलेला पुरा संच मोडू नका. कोरड्या, अंधाऱ्या कपाटात आडवा ठेवा आणि तो कुणाचा, कुठून आला, हे चिठ्ठीवर लिहून आत टाका. पिसं गळालेले, पट्टे घासलेले सुटे बाण झडतीत उतरले तर नवी नॉक, नवी पिसं लावा, त्यांच्या लवचीकतेला जुळणारं धनुष्य घ्या आणि मऊ लक्ष्यावर खुशाल मारा. ते त्यासाठीच घडले होते. तडा गेलेला बाण मात्र भिंतीवर लावायचा असला तरी त्याची नॉक आधी काढून टाका. उद्या एखादं पोर तो उतरवून दोरीला लावील, तेव्हा सांगायला आपण तिथे नसू.