दम लवकर येतो, पाय मागून

ट्रेडमिलवरच्या तपासणीचा अहवाल हातात आला, त्यानंतरच मी बूट घ्यायला गेले. वय तेव्हा चव्वेचाळीस, उंची 160 सेंटिमीटर, वजन 94 किलो, रोज सकाळी रक्तदाबाची एक गोळी आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.1. हा आकडा 5.7 ते 6.4 च्या मध्ये असला की त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. माझ्या आईला मधुमेह आहे, त्यामुळे त्या आकड्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा निर्देशांक छत्तीसच्या पुढे होता. भारतीयांसाठी तो 25 च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात.

मला धावायचंच होतं. चालणं चांगलं, पोहणं गुडघ्यांना सोपं, सायकल त्याहून सोपी, हे सगळं मला सगळ्यांनी सांगितलं आणि ते खरंही आहे. पण शाळेत मी खो-खो खेळायचे. पाटीवरून उठून सुसाट सुटण्यातला आनंद मला माहीत होता आणि तोच मला परत हवा होता. त्यावर घरात, ऑफिसात, शेजारी एकच उत्तर मिळायचं : आधी वजन उतरव, मग धाव. हे ऐकायला समंजस वाटतं. पण या अटीवर थांबलेल्या बायका मी आयुष्यभर पाहिल्या आहेत. वजन उतरत नाही, धावणं सुरू होत नाही आणि दहा वर्षं निघून जातात. मला ती दहा वर्षं द्यायची नव्हती. आहे त्या वजनासकट, पण शरीराला इजा न करता सुरुवात करता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता.

डॉक्टरांनी तो प्रश्न मनावर घेतला, याचं मला आजही बरं वाटतं. ईसीजी, टूडी एको, ट्रेडमिल, थायरॉइड, सगळं झालं. सगळ्यांनाच एवढं लागतं असं नाही, पण चाळिशी ओलांडलेली, रक्तदाब असलेली, घरात मधुमेह असलेली आणि वर्षानुवर्षं बैठं काम केलेली बाई एकदम धावायला निघणार असेल तर लागतं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला दुसऱ्या कुणाकडून कळली नसती. माझी रक्तदाबाची गोळी नाडीचा वेग दाबून ठेवणाऱ्या जातीची आहे. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात नाडी कमी दिसली तरी शरीरावर ताण कमी आहे असं समजायचं नाही. “आकड्याकडे बघू नका. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर चालायला लागा,” असं त्यांनी बजावलं. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, भोवळ, मळमळ, कारण नसताना फुटलेला घाम, यांतलं काहीही जाणवलं तर थांबायचं आणि एकटीने गाडी चालवत घरी यायचं नाही, हेही सांगितलं. बायकांमध्ये छातीत न दुखता नुसती धाप किंवा पाठीत दुखणं, एवढ्यावरही हृदयाचा त्रास दिसू शकतो.

तिथून फिजिओथेरपिस्टकडे गेले. वयाने माझ्याहून बरीच लहान मुलगी. तिने मला आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं, मग एका पायावर उभं केलं, मग पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करायला सांगितल्या. त्यानंतर तिने कागदावर तीन आडव्या रेघा काढल्या. सगळ्यात आखूड रेघ हृदय आणि फुप्फुसांची, मधली स्नायूंची, सगळ्यात लांब हाडांची आणि स्नायुबंधांची. नियमित व्यायाम सुरू केला की दम काही आठवड्यांत सुधारतो. स्नायू एक-दोन महिन्यांत भरायला लागतात. पण टाचेमागची शीर, तळपायाचा पट्टा, नडगीचं हाड यांना नव्या भाराची सवय व्हायला कित्येक महिने लागतात. हाडाची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. जुना गिलावा खरवडल्याशिवाय नवा बसत नाही, तसं नवा भार पडला की शरीर आधी हाडातला जुना भाग काढून घेतं आणि मग तिथे नवा भरतं. मधले काही आठवडे ते हाड आधीपेक्षाही नाजूक असतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत दम सुधारलेला असतो, उत्साह वाढलेला असतो.

माझ्या मते जास्त वजनाच्या माणसाने धावायच्या आधी ही एक गोष्ट समजून घ्यावी. बाकी सगळं तिच्या मागून येतं. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि मग शरीराचा सगळा भार एका पायावर उतरतो, तोही साधारण दुप्पट ते अडीचपट होऊन. 94 किलोच्या बाईच्या बाबतीत हे दोनशे किलोंच्या आसपास जातं, प्रत्येक पावलाला. पाय तेवढं पेलू शकतात, पेलायला शिकतात, फक्त त्यांना वेळ लागतो.

म्हणून पहिले कित्येक आठवडे मी धावलेच नाही. सलग अर्धा तास न थकता चालता येईपर्यंत नुसती चालले. घरी एक दिवसाआड खुर्चीवरून उठबस, पाठीवर झोपून कंबर उचलणं, पायरीवर टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांनी आणि मग एकेका पायाने. टाचा उचलण्याचा व्यायाम गुडघा ताठ ठेवून वेगळा आणि किंचित वाकवून वेगळा करायचा, कारण पोटरीत वरचा स्नायू निराळा आणि त्याच्या खालचा निराळा, आणि धावताना खालच्यावर फार मोठा भार येतो. हा व्यायाम मी अजूनही सोडलेला नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभी राहून करते.

बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि चवड्याजवळ बूट आवळता कामा नये. बायकांचे बूट अरुंद साच्यावर बनतात. माझा पाय त्यांत दबायचा, म्हणून मी पुरुषांच्या विभागातला जोड घेतला आणि तो उत्तम बसला. ब्राचं मात्र सोपं नव्हतं. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या दुकानांतून मला एकच उत्तर मिळालं, की या मापात येत नाही. ज्या बाईला आधाराची सर्वात जास्त गरज आहे, तिच्याच मापाची स्पोर्ट्स ब्रा दुकानात नसावी, याचा मला मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही. शेवटी ऑनलाइन मागवली, बदलून परत मागवली. हा खर्च चैनीचा नाही. नीट आधार नसेल तर खांदे आणि पाठ दुखतात, आणि बाई लाजून धावणं सोडते.

मांड्या घासण्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. जाड मांड्या एकमेकींवर घासून साल निघते आणि घाम झोंबला की पुढचे तीन दिवस चालणंही नको होतं. आतून मांडीभर लांबीची घट्ट सायकलिंग शॉर्ट्स घालायची, वरून ट्रॅक पँट, आणि जिथे घासतं तिथे पेट्रोलियम जेली. पावडर घामात गोळा होते, तिचा उपयोग नाही. घरी आल्याबरोबर ओले कपडे बदलायचे आणि स्तनांखालची, पोटाच्या घडीतली, जांघेतली त्वचा कोरडी करायची, नाहीतर पावसाळ्यात नायटा ठरलेला.

मी नाशिकला गोल्फ क्लबच्या मैदानावर जाते. मातीच्या ट्रॅकवर पहाटे गर्दी असते ती पोलीस भरतीच्या मुलामुलींची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून शहरात येऊन खोली करून राहिलेली ही मुलं. त्यांच्यासमोर आपण धावायचं, या विचाराने मी सुरुवातीला कडेकडेने असायचे. तीस सेकंद धाव आणि दोन मिनिटं चाल, पुन्हा तीस सेकंद धाव. एके दिवशी त्यांच्यातली एक मुलगी माझ्याबरोबर चालायला लागली. “मावशी, तुम्ही टांग लांब टाकता. पाऊल लहान टाका, म्हणजे आवाज येणार नाही. आमच्या सरांनी सांगितलंय, पायाचा आवाज यायला नको.” मी तसं करून पाहिलं. पाऊल लहान झालं, ते शरीराच्या पुढे पडायच्या ऐवजी खाली पडायला लागलं आणि गुडघ्याला बसणारा धक्का त्याच फेरीत कमी झाला. नंतर फिजिओथेरपिस्टने याला दुजोरा दिला. पावलांची गती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवून लांबी कमी केली, तर गुडघ्यावरचा भार लक्षणीय घटतो. आज माझ्या चपळपणाचं कौतुक कुणी करणार नाही, पण माझ्या पावलांचा आवाज येत नाही, याचा मला अभिमान आहे.

ती मुलगी हरसूलच्या बाजूची. सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव ती घरातल्या थोरल्या बहिणीचं घ्यावं तसं घ्यायची. 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्यपदक मिळवणारी मुलगी आपल्याच डोंगरातली, हे तिच्या बोलण्यात सारखं यायचं. माझं धावणं आणि त्यांचं धावणं यात काही तुलना नाही. तरी त्या ट्रॅकवर मला कुणी परकं मानलं नाही. सगळीकडे असंच असतं असं नाही. टोमणे मारणारेही भेटले, मोबाइल वर धरणारेही. म्हणून पहाटे अगदी अंधारात मी एकटी जात नाही आणि इतर बायकांनाही तेच सांगते.

दिवाळीच्या सुमारास हवा गार झाली आणि दम खूपच सुधारला. दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल एवढ्यावर मी होते, आणि मन म्हणत होतं की आता सलग धाव. त्या तीन रेघा मी स्वयंपाकघरात फ्रिजवर लावून ठेवल्या होत्या. मी आठवड्यातून तीनच दिवस धावत राहिले, मध्ये एक दिवस सोडून, आणि दर चौथ्या आठवड्याला वाढवायच्या ऐवजी कमी करत राहिले.

माझी धाकटी नणंद त्याच सुमारास माझ्याबरोबर यायला लागली. तीही माझ्यासारखीच अंगाने भरलेली, पण स्वभावाने घाईची. “वहिनी, मला आता अजिबात दम लागत नाही!” म्हणत ती रोज पळायला लागली, तेही गंगापूर रोडच्या डांबरावर. महिन्याभरात तिची नडगी दुखायला लागली. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेलं, धावायला लागलं की सुरू होणारं आणि थांबलं की कमी होणारं दुखणं बहुधा विश्रांतीने बरं होतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी, हाडावरच, दाबलं की कळ जाते, रात्रीही ठणकतं, तर ते हाडाला बारीक तडा गेल्याचं लक्षण असू शकतं आणि त्यावर धावणं धोक्याचं. तिचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं निघालं. साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही, सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसलं. हिवाळा तिने घरात काढला. ती रडली तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण तिला कुणी त्या रेघा दाखवल्या नव्हत्या आणि माझ्या सांगण्याला तज्ज्ञाच्या शब्दाचं वजन नव्हतं.

वजनाचंही सांगते, कारण सगळे आधी तेच विचारतात. धावण्याने जळणारी ऊर्जा साधारण किलोमागे, किलोमीटरमागे एक कॅलरी. म्हणजे मी दोन किलोमीटर धावले तर एक प्लेट पोह्यांइतकीही नाही. वजन उतरलं ते रात्रीचं जेवण लवकर केल्याने, चहातली साखर गेल्याने, डाळ-उसळ वाढवून भात कमी केल्याने, आणि तेही सावकाश. आज मी 85 किलोंवर आहे. चालताना दर पावलाला, उतरलेल्या एका किलोमागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटतो. जिना चढताना मला हे जाणवतं. साखरेचा आकडा 5.6 वर आला. गोळी डॉक्टरांनी निम्मी केली, त्यांनीच, मी नाही.

अजूनही मी सलग धावत नाही. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल. अमेरिकेचे जेफ गॅलोवे 1972 च्या ऑलिंपिकमध्ये धावले होते. त्यांनी पुढे हजारो सामान्य माणसांना असं मध्ये मध्ये चालत मॅरेथॉन पुरी करायला शिकवलं, तेव्हा यात कमीपणा मानायचं मला काहीच कारण दिसत नाही. माझी लांबातली लांब धाव सध्या पाच किलोमीटरची आहे आणि सगळ्या रस्त्याने मी बोलू शकते.

नणंद गेल्या महिन्यापासून परत यायला लागली आहे. हाड भरून आलंय, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. सध्या ती फक्त चालते आणि रोज संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर टाचा उचलते. मी धावते ते दिवस वेगळे ठेवलेत आणि तिच्या दिवशी तिच्याबरोबर चालते. पुढच्या तपासणीनंतर तिची तीस सेकंदांची धाव सुरू होईल, तीही मातीवरच.