अम्माची बोटं

शिक्षकांना मे महिन्याची सुट्टी म्हणजे फुकटचा पगार, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणं कधीच सोडून दिलं आहे. मार्चमध्ये दहावीचे पेपर तपासायचे, एप्रिलमध्ये शाळेच्या परीक्षा, मग निकालपत्रकं, मग पुढच्या वर्षीचा पट भरावा म्हणून घरोघरी फिरणं. हे सगळं उरकून मी एसटीत बसते तेव्हा माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर लाल शाईचा डाग असतोच. घासून जात नाही. अम्मा दरवर्षी तो डाग बघते आणि म्हणते, "पढाके आई मेरी बच्ची."

माझी नोकरी रायगड जिल्ह्यात, एका खासगी अनुदानित उर्दू हायस्कुलात. उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. सासर तिथलंच, कोकणी. माहेर सोलापूर. जिल्हा परिषदेतल्या माझ्या मैत्रिणी दरवर्षी आंतरजिल्हा बदलीचे अर्ज भरतात, रडतात, पुन्हा भरतात. आम्हाला तेही नाही. ज्या संस्थेत लागलो तिथूनच निवृत्त व्हायचं. त्यामुळे माहेर म्हणजे मे महिन्याचे पंधरा दिवस आणि दिवाळीत जमले तर चार, एवढंच.

पुण्याहून संध्याकाळी सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस मला आवडते, कारण ती चार-साडेचार तासांत पोहोचवते आणि कारण तिचं नाव. कोकणातल्या माझ्या मुलांना मी दरवर्षी विचारते, ही गाडी कोणत्या हुतात्म्यांच्या नावाची? कोणालाच माहीत नसतं. मग मी सांगते: मे 1930 मध्ये सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. शेवटचं नाव आलं की वर्गात एकदोन मुलं सरळ होऊन बसतात. ते मला दिसतं. चारही नावं एका दमात म्हणायची, असा माझा नियम आहे. एक सुटं काढून कौतुक करायचं नाही, आणि एक गाळायचंही नाही.

तर यंदा घरी पोहोचले तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि गरम हवा भिंतींतून बाहेर पडत होती. सोलापुरात मेमध्ये पारा 43-44 वर जातो. रात्री फरशीवर पाणी शिंपडून त्यावर गोधडी टाकायची, हीच आमची थंड हवेची सोय. तेही पाणी जपून, कारण नळाला ते चार-पाच दिवसांनी येतं. जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि माझ्यासाठी ठेवलेलं खट्टं सालन. पंचवीस वर्षं तांदळाच्या भाकरीच्या मुलखात राहूनही माझे दात ज्वारीच्या कडक भाकरीलाच ओळखतात.

दुसऱ्या दिवशी कळलं, अम्माची पेन्शन तीन महिन्यांपासून बंद आहे.

अम्मा बिडी कामगार. अब्बा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, त्यानंतर घर बिड्यांवर चाललं. मला डी.एड. नको, बी.एड.च करायचं होतं, कारण हायस्कूलला शिकवायचं होतं. ती फीसुद्धा बिड्यांतूनच आली. आता अम्माचं वय सत्तरीला टेकलंय. तिच्या प्रॉव्हिडंट फंडावरची पेन्शन महिना हजाराच्या थोडी वर. 2014 पासून किमान हजार रुपये ठरलेत, त्याच्या आसपासच सगळ्या बिडीवाल्या बायका आहेत. रक्कम ऐकून हसू येईल कोणाला. पण ती तिच्या नावानं येते. तिची औषधं, तिची खैरात, नातवंडांची ईदी त्यातूनच जाते, आणि त्यासाठी तिला मुलाकडे हात पसरावा लागत नाही.

बंद का? तर हयातीचा दाखला संपला. दरवर्षी एकदा आपण जिवंत आहोत असं मशिनीवर अंगठा लावून सिद्ध करायचं असतं. भाऊ तिला दोनदा सेंटरवर घेऊन गेला होता. दोन्ही वेळा अंगठा उमटला नाही.

तिसऱ्या वेळी मी गेले. सकाळी नऊला उन्हाच्या आधी. मुलगा बिचारा सभ्य होता. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक करत दहाही बोटं. रुमालानं पुसून, पाणी लावून, कोणीतरी सांगितलं म्हणून क्रीम लावून. मशिनीवर लाल रेघ. मी अम्माची बोटं हातात घेऊन बघितली. इतक्या वर्षांत कधी अशी बघितलीच नव्हती. शेंडे गुळगुळीत, जणू पाट्यावर घासलेले. रेषाच नाहीत.

ज्यांनी बिडी वळताना पाहिलेली नाही त्यांना सांगते. पानं रात्री भिजत घालायची, सकाळी निथळून ओल्या गोणपाटात गुंडाळायची. मग पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं एकेक पान कापायचं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूट घेऊन पानात भरायची, अंगठा आणि तर्जनीत घोळवायची, दोऱ्यानं बांधायची, तोंड मुडपायचं. पंचवीसची एक जुडी. हजार बिड्या म्हणजे चाळीस जुड्या, म्हणजे एक दिवस. त्यातूनही कारखान्यात मुकादम मूठभर बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढणार. हजार वेळा रोज, चाळीस वर्षं, ओल्या पानावर अंगठा घासला तर अंगठ्याचं काय होणार?

अम्मानंच त्या मुलाला सांगितलं, "चालीस साल बिड्यां बनाई रे बाबा, उंगलियां में क्या रहता अब?" तो मुलगा खाली बघत म्हणाला, "अम्मा, माझी आजीपण बिडीवालीच. तिचंपण येत नाही." मग त्याच्याशी भांडायचं तरी काय.

उपाय घरीच होता, फोनमध्ये. चेहऱ्यावरून हयातीचा दाखला काढता येतो, त्याचं सरकारी अ‍ॅप आहे. घरात मे महिन्याचे निम्मे दिवस फोनवर घालवणारी भाची आहे, तिनं अर्ध्या तासात बसवलं. अम्मानं ओढणी नीट केली, सुरमा लावला. सुरमा कशाला, तर म्हणे फोटो आहे. अ‍ॅप म्हणालं, डोळे मिचकवा. भाची म्हणाली, "नानी, आंखां झपकाव." अम्मा एक डोळा मिचकवायची. दुसऱ्यांदा दोन्ही घट्ट मिटून बसली, नमाजनंतर दुआ मागावी तशी. चौथ्या वेळी हिरवी खूण आली. आम्ही सगळ्या इतक्या मोठ्यानं ओरडलो की शेजारची पोरं बघायला आली.

अशा कोणी आई-खाला असतील तुमच्याकडे तर त्यांना सेंटरच्या रांगेत उभं करण्याआधी हे करून बघा. या पेन्शनचा दाखला वर्षात कधीही काढता येतो आणि काढल्यापासून बारा महिने चालतो. नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही.

त्याच दुपारी माझी मैत्रीण आली. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. ती तेलुगू, पद्मशाली. ती मराठी शाळेत, मी उर्दू शाळेत. तिच्या आईला मराठी धड येत नव्हतं, माझ्या अम्माला अजूनही येत नाही. शाळेच्या आधी आणि नंतर आम्ही दोघी ओट्यावर बसून बिड्यांची तोंडं मुडपायचो, आणि बोलायला आमच्यात एकच भाषा समाईक होती, सोलापुरी मराठी. तिची तेलुगू वळणाची, माझी दखनी वळणाची, आणि दोघींच्याही वाक्याच्या शेवटी 'की'. मुलं आम्हाला मराठी कोणी शिकवलं म्हणून विचारतात तेव्हा मी बी.एड. कॉलेजचं नाव सांगते. खरं म्हणजे ते या ओट्याचं सांगायला हवं. दहावीच्या अक्षरभारतीतला पाठ शिकवताना एखादा शब्द मुलांना कळत नसेल तर मी अजूनही त्या ओट्यावर जाऊन तो कसा बोलला असता ते आठवते.

आठवीत तिची आई आजारी पडली आणि तिची शाळा सुटली. माझी सुटली नाही. एवढाच फरक, आणि तो आमच्या कोणाच्याही हुशारीचा नव्हता. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं.

गेली काही वर्षं ती मला 'टीचर' म्हणते. आधी 'गं' म्हणायची. मी दरवर्षी सांगते, दरवर्षी ती दोन दिवस 'गं' म्हणते आणि पुन्हा टीचर. "बागुन्नावा?" असं मी तिला विचारलं की हसते, कारण मला येणाऱ्या पाच-सहा तेलुगू शब्दांपैकी तो एक.

यंदा ती पेढे घेऊन आली होती. मुलगी दहावी झाली, 84 टक्के. मुलीला पुढं शिकायचंय, फार्मसीचं मनात आहे. मैत्रीण अम्मासमोर बसली आणि विचारलं, "अम्मा, हिच्या वेळी तुम्ही कसं काढलं होतं?"

मला वाटलं होतं अम्मा म्हणेल अल्लाहनं निभावलं. ती नेहमी तेच म्हणते. पण या वेळी तिनं हिशेब सांगितला. हजारावर रोज तीनशे बिड्या जास्त, ज्या शेजारणीच्या कार्डावर जायच्या. भिशीचे दोन हप्ते. आणि चांदीचे तोडे, जे मला वाटत होतं आपाच्या लग्नात मोडले. ते आपाच्या लग्नात नव्हते मोडले. माझ्या बी.एड.च्या पहिल्या हप्त्याला मोडले होते. मी तिथंच बसून हे पहिल्यांदा ऐकत होते, आणि अम्मा माझ्याकडे न बघता भाजीतले देठ मोडत होती.

मी विषय बदलला, किंवा बदलल्यासारखं केलं. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारच्या श्रम खात्याची शिष्यवृत्ती आहे, पहिलीपासून व्यावसायिक शिक्षणापर्यंत, वर्षाला एक हजारापासून पंचवीस हजारांपर्यंत. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा. माझ्या ओळखीच्या मुलांना ती मिळालेली आहे. मी उत्साहानं सांगत होते आणि मैत्रीण गप्प. मग म्हणाली, "टीचर, कार्ड माझ्या नावावर कुठंय? सासूच्या नावावरच वळते की मी."

सासूला जाऊन किती वर्षं झाली ते मी विचारलं नाही. वळणारे हात हिचे, कार्डावरचं नाव दुसरंच. म्हणजे वीस वर्षं बिड्या वळूनही कागदावर ती बिडी कामगार नाहीच. फंड नाही, उद्या पेन्शन नाही, मुलीला शिष्यवृत्ती नाही. तिची बोटंसुद्धा मी पाहिली. अम्माच्या वाटेवर निम्मं अंतर गेलेली आहेत.

अम्माला मराठी येत नाही असं मी वर म्हटलं, पण कार्ड हा शब्द तिला कळला. तिनं देठ बाजूला टाकले. "हौ गे, मर गई सो सास के नाम पे कायकू बनाती? तेरे हातां, तेरा नाम." मैत्रीण म्हणाली, कारखान्यात बोललं तर आहे तेही काम जाईल, नवं कार्ड करत नाहीत लवकर. ही भीती पोकळ नाही. काम आधीच आठवड्यातून तीन-चार दिवस मिळतं. पानं कमी देतात, पुरली नाहीत तर आपल्या पैशानं विकत घ्यायची. अशात कोण तोंड उघडणार? शिक्षिका म्हणून मला सल्ला देणं सोपं आहे. माझा पगार एक तारखेला नाही तर दहा तारखेला, पण येतो.

अम्मा मात्र ऐकेना. तिच्या काळात मोर्चे निघायचे, ती लाल बावट्याबरोबर कलेक्टर कचेरीवर गेलेली आहे, बुरख्यात. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं बिडी कामगारांची दहा हजार घरं झाली ती अशाच बायकांनी केली, हे ती दर वेळी ऐकवते. आम्हाला तिथं घर मिळालं नाही, तरी ऐकवते. शेवटी ठरलं की सोमवारी अम्मा, मैत्रीण आणि मी अशा तिघी युनियनच्या ऑफिसात जायचं.

गेलो. रिक्षात तिघी. तिथल्या कार्यकर्तीनं अर्ज लिहून घेतला, मराठीत. मैत्रिणीला म्हणाली, सही करा. तिनं पेन हातात घेतलं, आणि आठवीत सुटलेली ती मुलगी इतक्या वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहून गेली की मी बघतच राहिले. माझ्या नववीच्या वर्गात तसं अक्षर दोघांचं असेल. कार्यकर्ती म्हणाली, होईल, पण दोन-तीन महिने जातील, कारखान्याचा दाखला लागेल, तोवर कोणी काही बोललं तर आम्हाला सांगायचं. मुलीचा अकरावीचा प्रवेश त्याआधीच होणार. त्या पैशाचं काय करायचं ते अजून ठरायचं आहे. मी काय करू शकते ते मी मैत्रिणीला सांगितलं, तिनं नाही म्हटलं, अम्मानं तिला तेलुगू-दखनी मिसळून झापलं. पुढचं त्या दोघींमध्ये चाललंय.

बकरी ईद सासरी करायची म्हणून मी लवकर निघाले. जायच्या आदल्या दिवशी अम्माच्या खात्यात तीन महिन्यांची पेन्शन एकदम आली. तिनं भाचीकडून मेसेज दोनदा वाचून घेतला आणि मला पाचशे रुपये दिले, गाडीत काहीतरी खायला. सत्तेचाळीस वर्षांच्या, पगारदार मुलीला. मी घेतले. मैत्रिणीनं शेंगाच्या चटणीचा डबा दिला आणि स्टेशनपर्यंत आली नाही, कारण दुपारी माल द्यायचा होता.

परवा तिचा फोन आला होता. कारखान्याचा दाखला अजून मिळालेला नाही, मुकादम उद्या या म्हणतो. पोरीनं सायन्सला नाव घातलंय. आणि मला म्हणाली, "अर्जावर काय लिहिलंय ते परत एकदा वाचून दाखव की गं."