मामांचं पाणी

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझं प्रथिन विनाकारण उजळायला लागलं आणि माझी झोप उडाली.

प्रथिन होतं कॅल्मोड्युलिन. 148 अमिनो आम्लांची छोटीशी माळ. तिच्यात चार खोबणी, एकेकीत कॅल्शियमचा एकेक आयन बसतो. तो बसला की प्रथिन अंग उलगडतं आणि आत दडवलेला तेलकट भाग उघडा पडतो. हे डोळ्यांना थोडंच दिसणार? म्हणून एएनएस नावाचा रंग घालायचा. हा रंग मोठा लबाड. पाण्यात जवळजवळ विझलेला, पण तेलकट जागा सापडली की तिला चिकटतो आणि निळसर चमकायला लागतो. 520 नॅनोमीटरच्या आसपासचं त्याच्या प्रकाशाचं शिखर निळ्याकडे सरकतं, वरही चढतं. सिएटलच्या डॅनियल स्टॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली अशाच रंगांनी कॅल्मोड्युलिनचं हे उलगडणं दाखवलं होतं.

मला सुरुवात अंधारातून करायची होती. आधी कॅल्शियमशिवायचं प्रथिन, मग थेंबाथेंबाने कॅल्शियम. पण माझं प्रथिन पहिल्या थेंबाआधीच अर्धं उजळलेलं! ईजीटीए ओतून कॅल्शियम पकडता आलं असतं, पण मग पुढचा प्रत्येक थेंब आधी त्याच्याच तोंडी गेला असता आणि माझा हिशोब बोंबलला असता. सर म्हणाले, "प्रथिन बिघडलंय, पुन्हा शुद्ध कर." तीन आठवडे शुद्धीकरणाच्या स्तंभाशी झुंजले. पुन्हा तेच.

आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्यांना सगळे मामा म्हणत. एका संध्याकाळी मी आलेखाचा कागद टराटरा फाडत होते, तेव्हा ते बेसिनपाशी उभे होते.

"ताई, तुमचं पाणी कुठल्या बाटलीत असतं?"

"डिस्टिल्ड आहे मामा, दोनदा काढलेलं," मी तुटकपणे म्हटलं.

"तसं नाही विचारलं. बाटली कसली?"

बाटली काचेची होती. साधी, जुनी, झाकण हरवलेली.

मामांनी उमेदीची काही वर्षं तळेगावला काचेच्या भट्टीवर काढली होती. ते म्हणाले, "काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना. डिस्टिल पाणी भुकेलं असतं, ताई. जे मिळेल ते खातं. चुना म्हणजे तुमचं ते कॅल्शियमच ना?"

मी गप्प झाले. कॅल्मोड्युलिनला उजळायला मायक्रोमोलर कॅल्शियम पुरतं. एवढं तर त्या बाटलीत महिनाभर बसलेल्या पाण्याला सहज मिळालं असणार. वर्गात शिकलेलं सगळं मला पाठ होतं, फक्त बाटलीकडे बघायचं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी प्लास्टिकच्या बाटल्या आम्लात भिजवल्या, सात वेळा विसळल्या, आणि ताजं पाणी थेट त्यांत धरलं. त्या पाण्यात बनवलेला पहिला नमुना चमक मोजणाऱ्या फ्लुओरिमीटरमध्ये ठेवला. रेघ तळाशी. मग थेंब, थेंब, आणि रेघ पायरी-पायरीने वर चढली. मामा दारात उभे राहून म्हणाले, "लागला का दिवा?"

पुढे कळलं की लंडनच्या सिडनी रिंगर यांनाही पाण्यानेच फसवलं होतं. बेडकाचं हृदय आपल्या द्रावणात छान धडधडतं, असं त्यांनी छापलं. मग 1883 मध्ये त्यांनाच सांगावं लागलं की, ते द्रावण डिस्टिल्ड पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात केलं होतं. हृदयाला कॅल्शियम लागतं, हे असं उजेडात आलं. वाचून बरं वाटलं, खरं सांगते.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी सरांचे, शिष्यवृत्तीचे, यंत्राच्या दुरुस्तीवाल्याचेही आभार मानले. मामा राहिले. पद्धती या प्रकरणात मात्र एक ओळ आहे: सर्व द्रावणं प्लास्टिकच्या भांड्यांत ठेवली. ती त्यांची.