जाळी

जुना गेमिंग लॅपटॉप घरी आला तेव्हा ढोकीत माझा रुबाब वाढला. पण एप्रिल लागला आणि त्याला काय झाले कोण जाणे! गेमची पहिली १० मिनिटे झकास. मग चित्रे अडखळू लागत. विंडोज दोनदा नव्याने टाकून पाहिली. शेवटी नव्या रॅमसाठी आबांकडे पैसे मागितले.

आबा ट्रॅक्टर चालवतात. त्यांनी लॅपटॉपच्या पोटाला हात लावला. म्हणाले, "आरं, ह्यो तापतोय. जाळी चोंदली आसंल, बघ."

मला हसू आले. तरी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा वेग ३.५ गिगाहर्ट्झवरून १ च्याही खाली उतरला होता. १०० अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून प्रोसेसर आपणहून वेग आवरतो, हे मी वाचले होते; सुचले मात्र आबांना!

मागचे झाकण काढले, बॅटरीची जोडणी सोडवली. पंख्यापुढच्या बारीक पत्र्यांत धुळीची गोधडीच बसली होती. पंखा बोटाने धरून ब्रशने ती झाडली. त्या रात्री गेम तासभर अडखळला नाही.

"झालं का?" आबांनी विचारले. मी नुसते "हो" म्हणालो. "तुमचंच बरोबर होतं," हे तेव्हा ओठावर आले नाही, म्हणून इथे लिहितो. अंक हाती आला की त्यांना वाचून दाखवीन.