खडबडीतपणाचा कैवार

गुळगुळीतपणाची माणसाला उपजतच ओढ असते. कागद गुळगुळीत हवा, भिंत गुळगुळीत हवी, वक्त्याची भाषा तर हवीच हवी. या आवडीचा फोलपणा ज्याला पाहायचा असेल, त्याने एखाद्या हिवाळ्यात अमेरिकेतील पिट्सबर्गच्या टेकड्यांवर जावे. तेथे माझा धाकटा भाऊ राहतो. त्याच्या दारापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंत मोटारीची जी खासगी वाट आहे, तिला 100 फुटांत 18 फूट उतार आहे. तिच्यावरचे जुने डांबर उखडले, आणि आता तेथे काय घालावे, हे त्याने मला विचारले.

इंग्रजी काव्य शिकवणाऱ्या प्राध्यापकाचा या विषयात काय अधिकार, असे वाचक म्हणतील. अधिकार एवढाच, की आमची ऐंशी वर्षांची आई त्याच्याकडे असते, आणि गेल्या हिवाळ्यात त्या उताराच्या धास्तीने तिने जवळजवळ तीन महिने उंबरठा ओलांडला नव्हता.

मग आम्ही स्थळे पाहावीत तसे एकेक पदार्थ पाहू लागलो. खडी स्वस्त; पण बर्फ ओढणाऱ्या फावड्याबरोबर तीही निघते आणि उरलेली उतारावरून ओघळते. डांबर काळे असल्याने ऊन पिते, बर्फ लवकर वितळवते, त्याला मिठाचेही फारसे भय नाही. मात्र दिवसा वितळलेले पाणी रात्री त्याच्याच अंगावर काचेसारखे गोठते. फटी ठेवून बसवलेल्या विटांतून ते पाणी खाली मुरते, हा मोठाच गुण. परंतु फटी साफ राखाव्या लागतात आणि पायथ्याशी भक्कम अडसर नसेल तर ओळीच्या ओळी सरकतात. पोटात विजेच्या तारा घालून तापवलेली वाट हे स्थळ श्रीमंती थाटाचे. तेथे लग्नाच्या खर्चापेक्षा पुढचे आहेरच जड!

राहिले काँक्रीट. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून त्याचे पापुद्रे काढते. मिठामुळे ही झीज वाढते. यावरचा उपाय मोठा मौजेचा आहे. 1930 नंतरच्या दशकात असे ध्यानात आले, की मिश्रणात मुद्दाम बारीक हवेचे बुडबुडे राखले, तर फुगणाऱ्या पाण्याला जागा मिळते. ज्याच्या पोटात थोडी मोकळीक आहे, तो सहसा फुटत नाही. माणसांविषयीही मला याहून वेगळा अनुभव नाही. आणि हे काँक्रीट ओले असतानाच त्यावर उताराला आडवा राठ झाडू फिरवतात, म्हणजे पृष्ठभागावर रेघा उठतात आणि चाकाला व पायाला पकड मिळते. पहिल्या हिवाळ्यात मात्र त्यावर मीठ टाकू नये, वाळू पसरावी.

त्याच शहरात कँटन अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्याचा चढ 37 टक्के, आणि त्यावर ओबडधोबड दगडी चिरे बसवलेले. डौल नाही, पण पकड आहे. त्याचे वर्णन ऐकताच मला आमच्या कोकणातील पाखाडी आठवली. आषाढात तिच्यावर शेवाळ धरे. तरीही डोक्यावर कळशी घेऊन आई ती चढत असे, कारण प्रत्येक पायरीवर पाऊल आडवे टेकायला जागा होती. उतार तोडून त्याच्या सपाट्या करणे, हा पायांसाठी शोधलेला सर्वांत जुना उपाय. पिट्सबर्गनेही तो ओळखला आहे; तेथे 700हून अधिक सार्वजनिक जिने आहेत.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आम्ही सारा खल चाकांसाठी करीत होतो. मी भावाला लिहिले : मोटारीसाठी रेघांचे काँक्रीट घाल; पण कडेने पायऱ्या बांध, आणि त्यांना हातात नीट मावेल असा कठडा लाव. खर्चाचा अंदाज पाहून तो कुरकुरला खरा. पण परवा त्याने नवा आराखडा पाठवला. त्यात पायऱ्या आहेत, आणि त्यांच्यासाठी मोटारीची वाट दोन हातांनी अरुंद झाली आहे.