कोळशाच्या विस्तवाजवळ



धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना नेहमी बजावते, मोबाईल बाजूला ठेवा आणि प्रार्थनेला बसा. आज मात्र मला कबूल करायचे आहे की 2024 च्या नोव्हेंबरात देवाने मला मोबाईलमधूनच गाठले.

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन 21 नोव्हेंबरला सुरू झाले होते. दर दहा वर्षांनी होणारा हा सोहळा. आमच्या बेळगावच्या चर्चमधून गाडी जाणार होती आणि नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. रांग केवढी असते, म्हाताऱ्या माणसांना किती चालावे लागते, ते पाहावे म्हणून रात्री भांडी आवरल्यावर मी व्हिडिओ लावला. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होत होता. तिसऱ्यात कुणीतरी बासिलिकेच्या बाहेरून चालत चित्रण केले होते. कॅमेरा भिंतीच्या अगदी जवळ गेला. गिलावा नसलेला, तांबडा, खडबडीत जांभा. आणि त्या दगडावर कुणा वयस्कर माणसाने टेकलेला तळहात. दोन सेकंदच दिसला असेल.

मी व्हिडिओ थांबवला. तो हात ओळखीचा वाटला. तो माझ्या बाबांचा नव्हता, हे कळत होते. बाबांना जाऊन तेरा वर्षे झाली होती.

माझे बाबा गवंडी होते. 1994 च्या दर्शनाला ते मला घेऊन गेले तेव्हा मी चौदा वर्षांची, नववीत होते. धाकटा भाऊ तापाने आजारी होता, म्हणून आई घरी राहिली. पहाटे अंधारात गाडी निघाली. खानापूर, लोंढा, मग अनमोडचा घाट. घाटात मला गाडी लागायची, म्हणून बाबा मला खिडकीशी बसवून अर्धा रस्ता माझी पाठ चोळत होते. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, पण नखांतला चुना काही गेला नव्हता. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात भाकऱ्या, सुकी भाजी आणि पाण्याची बाटली.

बासिलिकेपाशी पोचल्यावर बाकीचे लोक रांगेकडे धावले. बाबा मात्र भिंतीपाशी गेले आणि त्यांनी दगडावर तळहात ठेवला. "बघ, चिऱ्याला चिरा कसा बसवलाय! चारशे वर्षांचं काम हे." समोरच्या से कॅथेड्रलला एकच मनोरा का, असे त्यांनी तिथल्या एका माणसाला विचारले. दुसरा 1776 मध्ये कोसळला, असे त्याने सांगितले. बाबा मोठ्याने हसून म्हणाले, "पाया बघायला पाहिजे होता त्यांनी!"

त्या हसण्याने रांगेतली माणसे वळून पाहू लागली. त्यांच्यात माझ्या शाळेतल्या तीन मुली होत्या, आपापल्या घरच्यांबरोबर आलेल्या. मी गवंड्याची मुलगी आहे हे शाळेत मी कुणाला सांगितले नव्हते. त्यातली एक जवळ आली आणि बाबांकडे पाहून हळूच म्हणाली, "ते कोण गं? तुझ्याबरोबर आहेत?"

मी म्हटले, "नाही. आमच्या गाडीतले आहेत."

बाबा दोन हातांवर उभे होते. त्यांनी ऐकले. पिशवीचा बंद सुटला नव्हता तरी ते तो बांधत बसले. त्यानंतर रांगेत ते माझ्या दोन पावले मागे राहिले. संताच्या पेटीपाशी पोचलो तेव्हा तेवढे पुढे सरकून त्यांनी मला वाट करून दिली, आणि पुन्हा मागे झाले.

परतीला गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्या मांडीवर एक पुडी ठेवली. फेस्ताच्या फेरीतले खाजे. "आल्याचं आहे, चघळत राहा. घाटात गाडी लागणार नाही." एवढेच बोलले.

पुढे 2004 च्या दर्शनाच्या वेळी बाबांनी विचारले होते, "येतेस का यंदा?" माझे लग्न नुकतेच झाले होते. मी म्हटले, पुढच्या वेळी जाऊ. 2011 मध्ये ते गेले. पुढची वेळ आलीच नाही, आणि माफी मागायची राहून गेली. खरे सांगायचे तर मी ती गोष्ट विसरूनच गेले होते. विसरले म्हणण्यापेक्षा तिच्यावर गिलावा करून टाकला होता.

आता माझी लाज पाहा. पेत्राने प्रभूला नाकारले, हा पाठ मी कितीतरी वर्षे मुलांना शिकवते आहे. फळ्यावर कोंबडा काढते, तीन वेळा नकार म्हणून तीन रेघा ओढते. पेत्राला तीनदा विचारावे लागले होते. शिवाय त्याच्या जिवाला भीती होती. मला एकदाच विचारले, आणि भीती होती ती फक्त तीन मुलींच्या हसण्याची. पण शिकवताना एकदाही मला अनमोडचा घाट आठवला नव्हता.

लूक सांगतो की कोंबडा आरवला त्याच वेळी प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले. कोंबड्याला काही पेत्राशी देणेघेणे नव्हते, तो रोजच्यासारखा आरवला. व्हिडिओ काढणाऱ्यालाही माझी माहिती नव्हती. पण आठवण कशातून जागवायची हे देव ठरवतो.

त्या रात्री मी योहानाचे शुभवर्तमान पुन्हा उघडले. प्रमुख याजकाच्या अंगणात पेत्र कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता आणि तिथेच त्याने नकार दिला, हे अठराव्या अध्यायात आहे. एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू सरोवराच्या काठी शिष्यांसाठी न्याहारी तयार ठेवतो, तिथेही कोळशाचा विस्तव आहे. संपूर्ण नव्या करारात कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो. तोच धूर, तोच वास. पेत्राला ती रात्र आठवली नसेल असे कसे होईल? पण या वेळी विस्तवावर मासळी आहे, बाजूला भाकर आहे. प्रभू आधी खायला देतो. मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? नकार तीन, तर प्रेम सांगण्याची संधीही तीन.

मला ती खाज्याची पुडी आठवली. बाबांनीही आधी खायला दिले होते. त्यांनी विचारले मात्र काहीच नाही, आणि मीही काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी आईकडे गेले आणि सगळे सांगून टाकले. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला कधी काय बोलले नाहीत ते. रात्री घरी आल्यावर एवढंच म्हणाले, पोरीला येताना घाटात गाडी लागली नाही बघ."

मी रडले. त्या शनिवारी फादरांकडे जाऊन पापनिवेदन केले. नोव्हेंबर हा आपल्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचा महिना, म्हणून बाबांच्या नावाने मिस्साही अर्पण केली. आणि डिसेंबरात आमची गाडी गोव्याला गेली तेव्हा रांगेत शिरण्याआधी मी बासिलिकेच्या भिंतीपाशी गेले. जांभ्यावर तळहात ठेवला. बरोबरच्या मुलांनी विचारले, "टीचर, काय करताय?" मी म्हटले, "माझे बाबा गवंडी होते. त्यांना ही भिंत फार आवडली होती." शाळेतल्या तीन मुलींना द्यायचे उत्तर मी तीस वर्षांनी दिले.

संत फ्रान्सिस 1542 मध्ये गोव्यात आले तेव्हा हातात लहानशी घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करत. आज घंटा वाजली तरी आपल्याला ऐकू जात नाही, कारण आपले डोके पडद्यात खुपसलेले असते. मग कधीकधी देव त्या पडद्यातच घंटा वाजवतो.

म्हणून एवढेच सांगते. एखादे जुने गाणे, एखादी गल्ली, एखादा अनोळखी हात पाहून तुमच्या मनात काही हलले, तर अंगठ्याने लगेच पुढे सरकवू नका. तिथे थांबा. ज्याची आठवण आली तो माणूस हयात असेल, तर त्याला आजच फोन करा. नसेल, तर त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणा. आठवण दुखवत असेल तरी घाबरू नका. विस्तवापाशी प्रभू आधीच येऊन बसलेला असतो, आणि त्याने आपल्यासाठी न्याहारी केलेली असते.

प्रार्थना : हे प्रभू येशू, ज्यांनी आमच्यासाठी ओझी वाहिली आणि ज्यांना आम्ही ओळख दिली नाही, त्यांना तू तुझ्या घरी ओळख दे. आमच्या आठवणी बऱ्या कर. आमेन.